परदेशवारी आणि परतभेट

चैत्र जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, फडमालकासमोर बसून तारीख आणि रक्कम ठरवतात, सुपारी देतात. पुढचे दोन महिने ढोलकी-हलगी पश्चिम महाराष्ट्रभर फिरत राहते. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके वाद्यांच्या बाबतीत श्रीमंत आहेत. लग्नाला ब्रास बँड नाहीतर बँजो पार्टी, यात्रेला सनई आणि संबळ, शाळेच्या मैदानावर लेझीम, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची ढोल-ताशा पथकं, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी पाड्यांवरचे ढोल. एवढं वाजतं, पण बाहेरच्या जगाशी त्याची देवाणघेवाण किती होते? जुन्नरची द्राक्षं युरोपात जातात. खोडदच्या तीस तबकड्यांच्या दुर्बिणीवर काम करायला देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ येतात. १९८०च्या दशकात नारायणगावच्या वाइनसाठी फ्रान्समधून तंत्र आलं. वाद्यांसाठी मात्र असा जाण्या-येण्याचा नेहमीचा रस्ता बांधला गेलेला नाही.

हौशी वादकांनी परदेशी जावं, तिथल्या वादकांनी इथे यावं, या विषयावर आपल्याकडे बोलणं होतं ते बहुधा सत्कारापुरतं. पथक जाऊन आलं, गावात फ्लेक्स लागला, हार घातले, संपलं. त्या वारीतून वादनाला काय मिळालं, परतभेट झाली का, आणि मुळात कोण गेलं, कोण घरी राहिलं, हे प्रश्न मागे राहतात. माझं म्हणणं एवढंच आहे की पाहुणचार दोन्ही बाजूंनी झाला तरच देवाणघेवाण होते, आणि आपल्या बहुतेक वाऱ्या एका बाजूच्या आहेत.

हौशी बँडच्या परदेशवाऱ्यांचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे. मँचेस्टरजवळच्या व्हाइटफील्डचा बेसेस ओ' द बार्न हा बँड १९०६-०७ मध्ये जगाच्या दौऱ्यावर निघाला आणि १९०९ ते १९११ मध्ये पुन्हा गेला. इंग्लंडच्या उत्तरेतले असे बँड गिरणी आणि खाणीतल्या कामगारांचे. दिवसभर काम, संध्याकाळी तालीम, रविवारी बागेत वादन. या बँडने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वाजवलं तेव्हा तिथल्या खाणगावांतल्या वादकांनी प्रत्यक्ष ऐकलं की आपल्यासारखीच माणसं एवढं नेटकं वाजवू शकतात. तिथल्या बँडच्या इतिहासात त्या दौऱ्याचं नाव आजही निघतं. दौऱ्याचं फळ हे असं मोजायला हवं: पाहुणे गेल्यावर मागे राहिलेल्यांचं वादन बदललं की नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात या वाऱ्यांना वेगळा अर्थ आला. जे देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते, त्यांची गावं जोडगावं झाली. १९६३च्या जानेवारीत फ्रान्स आणि जर्मनीने एलिझे करार केला आणि त्याच वर्षी तरुणांच्या भेटीगाठींसाठी दोन्ही देशांचं एक संयुक्त कार्यालय उभं राहिलं. क्रीडासंघ, गायनमंडळं आणि गावचे बँड यांचं जाणं-येणं त्यामुळे रुळलं. यंदा तुमचा बँड आमच्याकडे, पुढच्या वर्षी आमचा तुमच्याकडे. राहायचं हॉटेलात नाही, वादकांच्या घरी. ज्या घरी राहतो त्या घरातल्या माणसाबरोबर सकाळी चहा-पाव खाताना कालच्या वादनावर बोलणं होतं, आणि खरं शिकणं तिथे होतं. नेदरलँड्समधल्या केर्कराडे इथे १९५१ पासून चालत आलेली जागतिक संगीत स्पर्धाही मुख्यतः हौशी बँडचीच. तिथे जगभरचे बँड काही आठवडे एका छोट्या, एकेकाळच्या खाणगावात उतरतात.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पितळी वाद्यं आपल्याकडे आली ती लष्कर आणि संस्थानं यांच्यामार्फत. तिसरी वाट धर्मप्रचाराची होती. १९ सप्टेंबर १८८२ रोजी साल्व्हेशन आर्मीचे चार जण फ्रेडरिक टकरच्या नेतृत्वाखाली मुंबई बंदरात उतरले आणि रस्त्यावर वाजत-गाजत मिरवणूक काढली म्हणून त्यांना अटक झाली. पुढे या संघटनेचं काम जुन्नरला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात रुजलं. नगरचं बूथ हॉस्पिटल त्याची खूण. निवृत्त लष्करी वादक, संस्थानांचे बँडमास्तर आणि मेरठमध्ये बनणारी ट्रम्पेट-युफोनियम यांतून लग्नाचा बँड उभा राहिला. सनई-चौघडा वाजवणाऱ्या घरांतल्या मुलांनी क्लॅरिनेट हातात घेतलं. वाद्य बदललं, पण वराती आणि मिरवणुका त्याच राहिल्या.

या लग्नाच्या बँडकडे जगाचं लक्ष गेलं ते आपल्या आधी. ग्रेगरी बूथ या ऑकलंडच्या अभ्यासकाने भारतभर हिंडून बँडवाल्यांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला; ‘ब्रास बाजा’ या नावाने तो २००५ मध्ये निघाला. त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, जबलपूरचा श्याम ब्रास बँड ब्रिटनला गेला होता. लंडनमध्ये रस्त्यावर वाजवणाऱ्या एका हौशी मंडळाने त्यांच्याबरोबर वाजवलं, हिंदी चित्रपटांच्या चाली त्यांच्याकडून घेतल्या, आणि त्यातून बॉलिवूड ब्रास बँड जन्मला. तो लंडनकरांचा बँड आजही आपल्या लग्नातली गाणी वाजवतो. जयपूरकडच्या वादकांना घेऊन हमीद खान यांनी कावा ब्रास बँड उभा केला आणि युरोपातल्या उत्सवांत नेला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सनी जैन यांनी २००८ मध्ये रेड बरात सुरू केला, त्यात ढोल आणि पितळ एकत्र आहेत. जबलपूर, जयपूर ही नावं या यादीत आहेत. मिरवणुकीतल्या ब्रास बँडची एवढी मोठी परंपरा असलेलं पुणं त्यात ठळकपणे दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रभात बँडसारख्या नावांवर पुण्याच्या गणपतीच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या आहेत.

पुण्याने परदेशी नेलं ते नाटक आणि ढोल-ताशा. थिएटर अकॅडमी ही हौशी संस्था. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमी करणारी मंडळी. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखालचं तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी १९८० मध्ये युरोपात नेलं. त्याआधी विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, तरी ते गेले. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांनी बसवलेल्या हालचाली आणि नटांनी उभी केलेली माणसांची भिंत हे सगळं मराठी न समजणाऱ्या प्रेक्षकालाही पोचलं. मुंबईच्या दिग्दर्शिका विजया मेहता यांचं काम तर याहून पुढचं आहे. १९७०च्या दशकात पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ मुंबईला आले आणि ब्रेख्तचं नाटक मराठी लोकरंगभूमीच्या अंगाने ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून उभं राहिलं. मग विजयाबाईंनी जर्मनीत जाऊन जर्मन नटांना घेऊन ‘शाकुंतल’ आणि ‘मुद्राराक्षस’ बसवलं. इथला माणूस तिथे जाऊन शिकवतो, तिथला इथे येऊन शिकवतो आणि दोघांचंही काम त्यानंतर पूर्वीसारखं राहत नाही. महाराष्ट्रात परतभेटीचा एवढा पुरा नमुना मला दुसरा दिसत नाही.

ढोल-ताशाची गोष्ट निराळी. ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग यांसारख्या शाळांच्या पथकांतून पुण्यात हौशी वादनाला शिस्त आली. गणवेश, ध्वज, बरची, ठरलेले ठेके, मुलींचा बरोबरीचा सहभाग. पावसाळ्यात नदीकाठी तालमी सुरू होतात आणि अनंत चतुर्दशीला हंगाम संपतो. शहराचं पाहून मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूरकडच्या पोरांनाही पथकाची ओढ लागली. परदेशातल्या मराठी घरांतही हेच झालं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. त्यांच्या अधिवेशनांत आणि गणेशोत्सवांत आता तिथेच वाढलेल्या मुलामुलींची पथकं वाजतात. शनिवार-रविवारी एखाद्या शाळेच्या पार्किंगमध्ये तालीम, शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून वेळेची काळजी, भारतातून मागवलेले ढोल. हे सगळं मनापासून चालतं आणि त्याचं मोल मला कमी वाटत नाही. परदेशात जन्मलेल्या पोराला आजोबांचा गणपती ढोलाच्या ठोक्यातून कळतो.

पण देवाणघेवाण म्हणून याकडे पाहिलं तर हिशोब अपुरा राहतो. आपलं पथक सॅन होजेला किंवा लंडनला गेलं, तर ते उतरतं मराठी घरी, वाजवतं मराठी प्रेक्षकांपुढे, जेवतं पोळी-भाजी, आणि परत येतं. त्याच शहरात शंभर वर्षं जुना एखादा बँड असतो, कॅरिबियन लोकांची स्टील पॅन मंडळी असतात, जपानी ताइको ढोल वाजवणारा गट असतो. त्यांच्या तालमीला जाऊन एक संध्याकाळ बसायला कोण नको म्हणेल? कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी जागाच ठेवलेली नसते. ताइकोच्या वादकाचं सगळं शरीर ठोक्यात उतरतं, आणि पुण्याच्या ताशेवाल्याच्या काड्या ज्या वेगाने चालतात ती चाल ताइकोवाल्याला नवी. हे दोघे एका खोलीत दोन तास बसले तर दोघांच्याही वादनात फरक पडेल.

आता मुळाशी येतो. जुन्नर-आंबेगावात वाजवणारी माणसं दोन प्रकारची आहेत. एक, हौशी पथकातली: शिकणारी, नोकरी करणारी, शेतकरी घरांतली मुलं. दुसरी, पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्या घरांतली. हलगी, सनई, बँड, फडातली ढोलकी हे ज्यांचं पोट आहे, त्यांत मातंग समाजाची आणि इतर दलित घरांची संख्या मोठी, काही ठिकाणी मुस्लिम कलावंतांची. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाचं नाव याच गावाने महाराष्ट्राला दिलं. त्या घरातल्या विठाबाई १९६२च्या युद्धकाळात सीमेवरच्या जवानांपुढे नाचायला-गायला गेल्या. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरीही अखेरची वर्षं हलाखीची गेली आणि २००२च्या जानेवारीत त्या गेल्या. मोठं नाव आणि मागे उभी राहणारी संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसतं. परदेशवारीचा रस्ता नावाने उघडत नाही, मागे कागद सांभाळणारी संस्था लागते.

हौशी वादक आणि पोटासाठी वाजवणारा हा भेद कायद्यातही उतरतो, आणि ते वाचताना मी थबकलो. अमेरिकेचं उदाहरण घ्या. जो एरवीही मोबदला न घेता हौसेने वाजवतो, त्याला सांस्कृतिक कार्यक्रमासाठी साध्या अभ्यागत व्हिसावर जाता येतं. पण वादन हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याने तिथे फुकट वाजवायचं कबूल केलं, तरी तो हौशी ठरत नाही. त्याला पी-थ्री नावाचा, पारंपरिक कलांसाठीचा व्हिसा लागतो. त्यासाठी तिथल्या आयोजकाने आधी अर्ज करायचा, कलेचं वेगळेपण सांगणारी जाणकारांची पत्रं आणि पुरावे जोडायचे. म्हणजे सोपं दार इंजिनिअर होऊन शनिवारी ढोल वाजवणाऱ्याला, आणि अवघड दार सातव्या वर्षापासून हलगी वाजवणाऱ्याला. जिथे कागद जास्त लागतात तिथेच कागद करणारं कुणी नसतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी त्यांच्या अधिवेशनाच्या खर्चातला थोडा भाग या कागदांसाठी बाजूला काढला, तर एवढ्याने पुष्कळ होईल.

सरकारी वाटाही आहेत. १९५० मध्ये मौलाना आझादांनी स्थापन केलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद कलावंतांची यादी ठेवते आणि पथकं परदेशी पाठवते. १९८०च्या दशकात ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, सोव्हिएत संघ इथे मोठे भारत महोत्सव झाले, त्यांतून भारतभरच्या लोककलावंतांनी पहिल्यांदा विमान पाहिलं. उदयपूर आणि नागपूर या दोन्ही विभागीय सांस्कृतिक केंद्रांत महाराष्ट्र आहे. लोकोत्सवांची आंतरराष्ट्रीय परिषदही आहे, १९७० मध्ये फ्रान्समधल्या कॉन्फोलाँला स्थापन झालेली. तिच्या उत्सवांचा रिवाज साधा आहे: पाहुण्या पथकाने प्रवासखर्च करायचा, राहणं-जेवण यजमान गावाचं. तिकिटाचे पैसे उभे करणं हीच मग मुख्य अडचण उरते. वीस जणांच्या पथकाची तिकिटं ही रक्कम यात्रेच्या वर्गणीतून निघणारी नाही. पण यात्रेत आतषबाजीवर आणि डीजेवर होणारा खर्च पाहिला की गावाला ती अशक्यही वाटू नये.

वाद्यांच्या अडचणी कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडं त्यावर. हलगी ही कातड्याची. वाजवण्याआधी ती शेकोटीवर तापवतात. पाचट-काटक्या पेटवून हलगी आचेजवळ धरायची, फिरवत राहायची, मधूनच बोटाने टिचकी मारून ऐकायचं. कातडं आवळलं की आवाज भद्दपणा सोडून खणखणीत होतो, आणि वादक उठतो. कार्यक्रम लांबला तर मध्ये पुन्हा तापवणं. युरोपातल्या पावसाळी संध्याकाळी हवेतल्या ओलाव्याने कातडं पाच मिनिटांत ढिलं पडतं आणि सभागृहात काडी ओढली तरी आगीचा भोंगा वाजतो. तिथे केस वाळवायचं यंत्र किंवा उष्णतेचा दिवा हाच उपाय, आणि तो निघण्याआधी गावातच करून पाहायला हवा, कारण विजेच्या उष्णतेला कातडं कसं वागतं हे हाताला शिकावं लागतं. ढोल-ताशाची पानं आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची झाली, त्यामुळे पथकांना हा त्रास नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी मात्र कातड्याचं प्रत्येक वाद्य विमानतळावर आधी जाहीर करावं. तिथले जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत, न सांगितलेलं वाद्य जप्त होऊ शकतं. वाद्यं परत आणताना आपल्याच सीमाशुल्क खात्यात अडकू नयेत म्हणून एटीए कार्नेट नावाचा दस्त असतो, भारतात तो फिक्की देते. त्यासाठी हमी ठेवावी लागते.

बँडवाल्यांची अडचण पट्टीची. इंग्लंडचे ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजवत, नंतर त्यांनी आजची पट्टी घेतली. आपल्याकडे अनेक घरांत आजोबांच्या काळचं युफोनियम अजून वाजतं. ते जुन्या पट्टीचं असेल तर आजच्या वाद्याशेजारी बेसूर ऐकू येतं, आणि पाहुण्याला वाटतं वादक कच्चा. दोष वाद्याचा, बोल वादकाला. दुसरी गोष्ट स्वरलिपीची. तिकडचा हौशी वादक कागद समोर नसेल तर गोंधळतो. आपला बँडमास्तर कागदाकडे न बघता सिनेमातलं नवं गाणं दोनदा ऐकून अख्ख्या बँडला बसवतो. दोन दिवसांच्या एकत्र तालमीत पहिला दिवस याच गोष्टीवर जावा. त्यांनी कानाने शिकावं, आपण कागद वाचायला सुरुवात करावी. अशा एका दिवसाने आपल्या पोरांच्या हातात जे येईल ते स्टेजवरच्या दहा कार्यक्रमांनी येणार नाही.

पंचांगही यात मदत करतं, आणि हे कुणी ध्यानात घेतलेलं नाही. युरोपातल्या लोकोत्सवांचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. नेमक्या त्या दिवसांत आपल्या बँडवाल्यांचा हंगाम बंद असतो. लग्नं संपलेली, यात्रा संपलेल्या, फड घरी आलेले. तेव्हा वादक मजुरीला जातात, पश्चिम पट्ट्यात भातलावणीला, नारायणगाव-मंचरच्या बाजूला टोमॅटो-कांद्याच्या कामाला. हौशी ढोल पथकं मात्र त्याच दिवसांत गणपतीच्या तालमीत अडकलेली. म्हणजे उन्हाळी उत्सवाचं आमंत्रण आलं तर खरं मोकळं कोण आहे, हे उघड आहे. आणि परतभेटीचा काळही ठरलेलाच: चैत्र-वैशाख. परदेशी बँडला बोलवायचं तर पुण्यातल्या वातानुकूलित सभागृहात बोलवून काय उपयोग? त्यांना यात्रेत आणावं. बैलगाडा शर्यत, कावडी, पालखी, रात्रीचा तमाशा, दुसऱ्या दिवशीचा कुस्त्यांचा आखाडा. हलगीवाला पैलवानांच्या पकडीबरोबर ठेका कसा चढवतो ते त्यांना शेजारी बसून पाहता येईल. राहायला गावातली घरं आहेत, आणि पाहुणचाराच्या बाबतीत आमच्या दोन्ही तालुक्यांना कुणाकडून शिकावं लागेल असं मला वाटत नाही. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. त्या दर्जात लेणी, किल्ले, नाणेघाट यांबरोबर वाजवणारी माणसंही धरली पाहिजेत.

पुण्याची नाती तयारच आहेत. सॅन होजे १९९२ पासून भगिनी शहर आहे, ओकायामाच्या नावाने सिंहगड रस्त्यावर बाग आहे, ब्रेमेनच्या नावाने औंधला चौक आहे. त्या नात्यांचा उपयोग जिल्ह्यातल्या तालुक्यांनी का करू नये? ब्रेमेनकडच्या एखाद्या हौशी बँडला महापालिकेच्या पत्राबरोबर नारायणगावच्या ग्रामपंचायतीचं पत्र गेलं, तर ते लोक चकित होतील आणि येतीलही. युरोपातले हौशी बँड अशा आमंत्रणाची वाट पाहणारेच असतात. आपला खर्च करून, आपली वाद्यं उचलून फिरायची त्यांना सवय आहे.

पहिलं काम मात्र यापेक्षा जवळचं आहे. फडात आणि बँडमध्ये फिरलेल्या कलावंताकडे पासपोर्ट नसतो, आणि काढायला गेला तर दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आडनाव कुठे गावाचं, कुठे फडाचं. जन्मतारखेला शाळा सोडल्याचा दाखला चालतो, पण ज्याची शाळा फडाच्या गाडीमागे फिरताना सुटली त्याच्याकडे तोही नसतो. आमंत्रण हाती पडल्यावर हे सगळं दुरुस्त करायला निघालं तर उत्सवाची तारीख उलटून जाते. यात्रांचा हंगाम संपला की ज्येष्ठात कलावंत घरी असतात. नारायणगाव, मंचर आणि घोडेगावला त्याच महिन्यात नावदुरुस्ती आणि पासपोर्टची शिबिरं घ्यावीत, तहसील कार्यालयाने आणि गावच्या वकिलांनी दोन दिवस त्याला द्यावेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जुलैसाठी कागद तयार असतील.